एक्केचाळीस जागा

टेबलाच्या खालच्या खणात, एक लाकडी फूटपट्टी, अर्धं झिजलेलं खोडरबर आणि बटणांची डबी यांच्या शेजारी शेपूट गुंडाळून पडलेला मी एक जुना माऊस आहे, मित्रांनो. खण नीट मिटत नाही. त्याच्या फटीतून बोटभर उजेड येतो आणि घरातलं बोलणं ऐकू येतं. मला आता कशालाच जोडलेलं नाही. त्यामुळे सांगायला वेळच वेळ आहे, आणि ऐकायला तुम्ही आहात असं मी धरून चालतो.

माझा जन्म एका लांबलचक शेडमधला. टोप्या घातलेल्या बायका तिथे ओळीनं बसलेल्या असायच्या. एकीनं माझ्या पोटात लाल दिवा बसवला, दुसरीनं चाक, तिसरीनं पाठ लावून स्क्रू आवळले. शेवटच्या बाईचं काम एकच. डावा कान दाबायचा, उजवा कान दाबायचा, टक टक ऐकायचं आणि पुढे ढकलायचं. माझ्यापाशी ती जराशी थांबली. मला वाटलं, मी आवडलो. ती शिंकली, आणि मी पुढे गेलो.

आम्हाला डोळे नसतात. पोटातला दिवा टेबल बघतो, तेवढंच. पण स्क्रीनवर एक छोटा बाण असतो ना, तोच आमचा डोळा. मी टेबलावर बोटभर सरकलो की तो तिकडे वीतभर सरकतो. म्हणून कॉम्प्युटरची सिस्टीम दिसायला कशी आहे, हे मला तुमच्यापेक्षा वेगळं कळतं. तुम्ही रंग बघता. मी अंतर मोजतो. कुठे जायला किती सरकावं लागतं, आणि पोचल्यावर ती वस्तू तिथे असते की नाही, याच्यावरून मी सिस्टीमची पारख करतो.

माझी पहिली नेमणूक पाणीपुरवठ्याच्या कचेरीत झाली, नकाशांच्या खोलीत. तिथे एक आरेखक होते. रस्त्यांखालून जाणारे पाण्याचे पाइप ते नकाशावर काढायचे. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असेल. कचेरीत त्यांना सगळे मिलिमीटरसाहेब म्हणायचे, आणि तेही ओ द्यायचे.

त्या कचेरीची एक रीत होती. रस्ता खोदायचा असला की कुदळ मारण्याआधी साहेबांच्या टेबलाशी येऊन विचारायचं. ठरलेलंच होतं ते. मुकादम यायचा, टोपी काढायचा.

"साहेब, कोपऱ्यावरच्या दवाखान्यासमोर खोदतोय. खाली काय आहे?"

साहेब मला सरकवायचे. बाण नकाशावरून दवाखान्यापाशी जायचा. "मोठा पाइप आहे. डाव्या कडेपासून एक मीटर दहा."

"म्हणजे मीटरभर."

"मीटरभर म्हणशील तर दवाखान्यात पेशंटला पोहत जावं लागेल. एक मीटर दहा. लिहून घे."

मुकादम तळहातावर लिहून घ्यायचा. साहेब मला म्हणायचे, म्हणजे तसे सगळ्या खोलीलाच म्हणायचे, "जमिनीखाली काय आहे ते दिसत नाही. म्हणूनच विचारायचं असतं."

चौदा वर्षं मी त्यांच्या उजव्या हाताखाली काढली. त्या हाताचा घाम, त्या तर्जनीचं वजन, मधेच चहाला गेल्यावर परत येताना लागणारी थोडीशी घाई, सगळं मला पाठ. माझा डावा कान त्यांच्या बोटानं घासून गुळगुळीत झाला. कचेरीत नवे कॉम्प्युटर आले तेव्हा साहेबांनी निवृत्तीची भेट म्हणून घड्याळ नको, कॉम्प्युटरचा जुना डबा आणि जुना माऊस द्या असं सांगितलं. साहेबांच्या मागे लोक हसले. मी मात्र त्यांच्या पिशवीत, जेवणाच्या डब्यावर बसून ऐटीत घरी आलो.

घर तीन खोल्यांचं, दुसऱ्या मजल्यावर. पुढच्या खोलीत एका भिंतीला साहेबांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, शिवणयंत्र आणि दुसऱ्या भिंतीला आमचं टेबल. काकू शाळेचे गणवेश शिवायच्या. त्यांच्याकडेही सगळं जागच्या जागी असायचं. त्यामुळे दोघांचं भांडण फक्त कात्रीवरून व्हायचं.

त्यांची एकुलती एक लेक दुसऱ्या गावी नोकरी करायची. तिचं कामच असं होतं, की कॉम्प्युटरच्या आणि फोनच्या स्क्रीनवर कुठलं बटण कुठे ठेवलं तर माणसाला सोपं जाईल ते ठरवायचं. सुट्टीत घरी आली की तिचं पांढरं, पातळ मशीन आमच्या टेबलावर यायचं, आणि बापलेकीची जुंपायची. कशावरून, तर कुणाची सिस्टीम बरी.

आमची जुनी सिस्टीम साधी. खाली डाव्या कोपऱ्यात एक बटण, त्यातून सगळं निघतं. खिडकी बंद करायची फुली वर उजवीकडे. लेकीच्या पांढरीत सगळं उलट. बंद करायचे ठिपके डावीकडे, लाल, पिवळा, हिरवा. कामांची यादी कायम कपाळावर. खाली चित्रांची पट्टी, जवळ गेलं की फुगणारी. दिसायला मात्र इतकी देखणी की मीसुद्धा बिचकत सरकायचो. आणि लेकीजवळ आणखी एक तिसरी असायची, जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली, कुणीही फुकट घ्यावी अशी. तिला स्वतःचा चेहराच नाही. तुम्ही द्याल तो.

"बाबा, तुमची सिस्टीम म्हणजे सरकारी कपाट आहे," लेक म्हणायची. "सगळं मिळतं, पण बघवत नाही."

"आणि तुझी म्हणजे दागिन्यांचं दुकान. बघत बसावं. कात्री कुठे आहे ते विचारू नये."

यंत्रावरून काकू म्हणायच्या, "कात्री माझी आहे. ती कुणाच्याच सिस्टीममध्ये ठेवायची नाही."

"बरं, मग ही तिसरी बघा. हिच्यात सगळं मनासारखं करता येतं."

"मनासारखं म्हणजे कुणाच्या?"

"वापरणाऱ्याच्या, बाबा. त्याचाच तर पगार घेते मी."

साहेब हसायचे. मला वाटतं, त्यांना ती भांडणं फार आवडायची. ती गेली की ते उगाचच स्क्रीनवरची खिडकी उघडत, बंद करत बसायचे.

आणि मग एका सकाळी साहेब दाढी करता करता पडले.

मित्रांनो, त्यानंतर सात आठवडे मला कुणी हात लावला नाही. माझ्यावर दोऱ्याचे तुकडे आणि धूळ साठली. जे कळलं ते काकूंच्या फोनवरच्या बोलण्यातून. साहेबांच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. उजवा हात गेला होता. बोलणं गेलं होतं. आणि अक्षरंही गेली होती. वर्तमानपत्र धरलं तर काळे ठिपके दिसत, शब्द लागत नसे. "समजतं सगळं," काकू फोनवर सांगत. "आतमध्ये माणूस आहे गं पूर्ण. फक्त दार सापडत नाहीये."

आठवड्यातून दोनदा वाचा शिकवणाऱ्या मॅडम यायच्या. त्यांनी चित्रांची कार्डं आणली. पेला, पलंग, पंखा. हवं त्यावर बोट ठेवायचं. साहेबांनी डाव्या हातानं एकेक कार्ड उचललं आणि पालथं घातलं. सगळी पालथी घालून झाल्यावर ते भिंतीकडे बघत बसले.

एका दुपारी काकूंना बारा स्कर्टांच्या पट्ट्या संपवायच्या होत्या. जरा करमेल म्हणून त्यांनी साहेबांना आमच्या खुर्चीत आणून बसवलं, कॉम्प्युटर लावला आणि मला त्यांच्या डाव्या हाताशी सरकवलं. डावा हात! मला तो परका वाटला. उजव्या पायातली चप्पल डाव्या पायात घातल्यासारखं झालं. बोटं चुकीच्या कानावर पडत होती. बाण स्क्रीनभर भेलकांडला. पण मग तो हळूहळू वर गेला, उजव्या कोपऱ्याशी थांबला, आणि तिथली एक फाइल उघडली. न वाचता. ती कुठे आहे ते त्यांना माहीत होतं, मित्रांनो. अक्षरं गेली होती, जागा गेल्या नव्हत्या.

ती फाइल म्हणजे त्यांच्याच घराचा नकाशा होता. हौसेनं काढलेला, भिंतींच्या जाडीसकट. बाण स्वयंपाकघरात गेला, ओट्याच्या कडेला, जिथे पाण्याचं भांडं ठेवलेलं असतं तिथे. टक टक. टक टक.

"काय हो?" काकूंच्या ओठांत टाचण्या होत्या. त्या उठून आल्या. स्क्रीन बघितली. टाचण्या एकेक करून काढल्या. "पाणी? पाणी हवंय?"

साहेबांनी डोळे मिटले. काकू पाणी आणायला गेल्या त्या बराच वेळ आल्याच नाहीत. स्वयंपाकघरात नळ मात्र चालू होता.

पुढचं मॅडमनी सुचवलं. घराचा तो नकाशा स्क्रीनवर मागचं चित्र म्हणून लावला. काकूंनी आपल्या आवाजात छोटी छोटी वाक्यं भरली, एकेका फाइलीत एकेक. आणि त्या फाइलींची चित्रं नकाशावर कुठे ठेवायची हे साहेबांनी ठरवलं. स्वतः. डाव्या हातानं मला धरून, एक फाइल ओढत न्यायची, सोडायची, पुन्हा उचलायची, केसभर सरकवायची. कधी दिवसाला एक व्हायची, कधी आठवड्याला एक. पाच महिने लागले. एक्केचाळीस फाइली, एक्केचाळीस जागा.

पलंगापाशी "पाठ दुखतेय." गॅलरीत "बाहेर बसू." न्हाणीघराच्या दारामागे "मला जरा एकटं सोड." शिवणयंत्रावर "आता पुरे कर, डोळे जातील." आणि खाली उजवीकडे, घराच्या दाराशी, उंबऱ्यावर, "जपून जा. पोचल्यावर फोन कर."

गंमत अशी, की साहेब जे काही म्हणायचे ते काकूंच्या आवाजात. काकूंनी काकूंनाच सांगायचं, पाठ दुखतेय. आणि काकूंनीच काकूंना म्हणायचं, बघते हं. साहेबांची थट्टाही परत आली. काकू शेजारणीबद्दल लांबण लावायला लागल्या की साहेब छताच्या मध्यावर बाण न्यायचे. टक टक. "पंखा बंद कर."

"पंखा लागलेलाच नाही," काकू म्हणायच्या.

टक टक. "पंखा बंद कर."

"कळलं मेलं. झाले गप्प."

लेक आली, राहिली, निघाली, की दारातून तिला ऐकू यायचं, "जपून जा. पोचल्यावर फोन कर." ती परत आत यायची, बापाच्या डोक्यावर हनुवटी टेकवायची. "आईच्या आवाजात तुम्ही जास्त गोड वाटता हं, बाबा." आणि पोचल्यावर खरंच फोन करायची.

तीन वर्षं असं चाललं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी वर्षं ती. कचेरीत मी पाइप दाखवत होतो. इथे मी एका माणसाची जीभ होतो.

पण डबा म्हातारा झाला. त्याच्या आतल्या पंख्याची घरघर वाढली. साहेब टक टक करायचे आणि आवाज यायला मिनिट मिनिट लागायचा. काकू फोनवर हसत तक्रार करायच्या, "अगं, मी पाणी आणलं, ह्यांचं पिऊन झालं, पेला धुऊन झाला, आणि मग हा डबा म्हणतोय पाणी हवंय." लेक तिकडून म्हणाली, "त्या सिस्टीमला आता कुणी सांभाळतही नाही, आई. एखाद दिवशी बंद पडेल आणि बाबा मुके होतील. मी येते आणि सगळं नीट करून जाते."

हे ती प्रेमानं म्हणाली होती. मी हे पुन्हा सांगतो, मित्रांनो. तिच्या मनात दुसरं काहीही नव्हतं.

ती आली. दुसऱ्या दिवशी काकू साहेबांना घेऊन तपासणीला दवाखान्यात गेल्या. घरात लेक, मी आणि डबा. तिनं बाही वर केली. मी तिच्या हाताखाली होतो. तिनं सगळ्या फाइली एका छोट्या डिस्कवर उतरवल्या. मोजल्या. एक्केचाळीस. नकाशाही घेतला. पुन्हा मोजल्या. मग तिनं जुनी सिस्टीम पुसली आणि तिच्या जागी ती तिसरी घातली, हलकी, चपळ, कुणाच्याही मनासारखी होणारी.

पुसताना एक खिडकी विचारते, नक्की का? तिचा बाण "हो"वर गेला. तो बाण मीच नेत होतो. माझ्या अंगात काही अडकलं असतं, दिवा गेला असता, तार तुटली असती तर बरं झालं असतं. पण मी चांगला माऊस होतो. मी नेमका पोचलो.

साहेब आले. लेकीनं त्यांचे डोळे हातांनी झाकून त्यांना खुर्चीत बसवलं. "बघा! दाबलं की लगेच."

स्क्रीन स्वच्छ होती. सुंदर निळसर रंग. डाव्या कडेला एक्केचाळीस फाइली नावाप्रमाणे रांगेत उभ्या. ध्वनी एक, ध्वनी दोन, ध्वनी तीन. सगळ्यांचं चित्र एकच. नकाशा एका फोल्डरमध्ये नीट ठेवलेला.

फाइली सगळ्या आल्या होत्या. जागा आल्या नव्हत्या. कुठली फाइल स्क्रीनवर कुठे ठेवली होती, हे फाइलीत नसतं, मित्रांनो. ते जुन्या सिस्टीमच्या पोटात होतं, आणि ते पोट आता पुसलेलं होतं.

साहेबांचा हात माझ्यावर आला. बाण ओट्याच्या कडेला गेला. तिथे निळा रंग होता. टक टक. मग पलंगापाशी. टक टक. मग पंख्यापाशी. हात भराभर फिरायला लागला, इतका की माझा दिवा टेबलावरून घसरला.

"थांबा बाबा, थांबा," लेक म्हणाली. "लावते मी परत. आई, कुठलं कुठे होतं सांग."

काकूंनी पदराला हात पुसले. "पाणी इथे. पाठ इथे. पंखा मध्ये." त्या बोट ठेवत गेल्या. सतरा जागांनंतर त्यांचं बोट हवेतच थांबलं. "अगं, मी कधी बघितलंच नाही. मी ऐकायचे."

"फोटो आहे का स्क्रीनचा? एखादा तरी?"

रोज दिसणाऱ्या स्क्रीनचा फोटो कोण काढून ठेवतं?

लेकीनं नकाशा मागे लावला. सतरा फाइली काकूंनी सांगितल्या तिथे ठेवल्या. उरलेल्या चोवीस अंदाजानं. तिसऱ्या सिस्टीमला तिनं जुनीचा चेहरा दिला, तोच कोपरा, तीच फुली. आणि साहेबांना बसवलं. मग तिनं तिच्या नोकरीत करतात तसं केलं. कागदावर रकाने आखले. कुठली सिस्टीम, काय शोधलं, किती वेळ, किती चुका. शोधणाऱ्याला मदत करायची नाही, बाजूला बसून फक्त बघायचं, अशी त्यांच्या कामाची पद्धत असते.

साहेबांना एकटं राहायचं होतं. बाण न्हाणीघराच्या दारामागे गेला. टक टक. काकूंचा आनंदी आवाज आला, "चला, टीव्ही लावू."

साहेब दचकले. पुन्हा गेले. "चला, टीव्ही लावू."

रिकामी जागा परवडली असती. आपल्या तोंडून भलतंच निघणं, तेही बायकोच्या आवाजात, माणसानं कसं सोसावं? गॅलरीच्या कोपऱ्यात "मला जरा एकटं सोड" असा आवाज आला. त्यांचा हात गार पडला. मला पाठीवर कळलं.

लेकीनं हट्ट सोडला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं जुन्या सिस्टीमची नवी आवृत्ती आणून घातली. तिच्यात ते कोपऱ्यातलं बटण मधोमध आलेलं, कडा गोल झालेल्या, आणि फाइली सोडल्या की आपोआप आखलेल्या चौकटींत जाऊन बसायच्या. साहेबांनी स्वतः एक फाइल उचलली. आम्ही दोघांनी मिळून ती ओट्याच्या कडेपर्यंत ओढत नेली, पाच महिने नेल्या होत्या तशी. सोडली. ती उडी मारून भिंतीत जाऊन बसली. पुन्हा उचलली. पुन्हा भिंतीत. चौकटीत बसवायची सोय बंद करता येते हे लेकीला आठवून तिनं ती बंद केली, तोवर मिलिमीटरसाहेबांनी हात काढून घेतला होता.

तिसऱ्या दिवशी तिचं पांढरं मशीन आलं. त्याच्याबरोबर एक नवा माऊस, बिनशेपटीचा, चपटा. मला भिंतीशी सरकवलं. पांढऱ्या मशीनची रुंद स्क्रीन भरावी म्हणून नकाशा ताणला गेला आणि सगळ्या खोल्या रुंद झाल्या. साहेब बाण नेत होते तो मधेच थांबत होता. त्यांच्या हाताला जिथे गॅलरी माहीत होती तिथे आता पुढच्या खोलीची भिंत होती.

लेकीचा कागद माझ्याशेजारीच पडला होता. ती लिहिताना मोठ्यानं पुटपुटायची. "पाणी. एक मिनिट चाळीस. सापडलं नाही. पंखा. सापडला नाही. पाठ. सोडून दिलं." तिन्ही सिस्टीमच्या ओळी भरल्या. काकू मागून म्हणाल्या, "बाळा, परक्याच्या स्वयंपाकघरात मीठ शोधायला उभं केल्यासारखं झालंय त्यांचं. आणि तू घड्याळ लावून बघत बसलीयेस."

"मग काय करू, आई? तू सांग ना काय करू! तूच म्हणालीस ना डबा हळू झालाय म्हणून!"

काकू यंत्राकडे परतल्या. लेकीनं कागद फाडला. आधी दोन तुकडे, मग चार, मग मोजता येऊ नयेत इतके.

संध्याकाळी मॅडम आल्या. त्यांनी सगळं बघितलं. "पुन्हा शून्यापासून करता येईल," त्या म्हणाल्या. "पण तेव्हा ते स्वतः मागे लागले होते. आता..." साहेब भिंतीकडे बघत होते, त्या कार्डांच्या दिवसासारखे.

लेकीची सुट्टी संपली. निघायच्या सकाळी काकू बॅग घेऊन रिक्षा थांबवायला खाली उतरल्या. लेक बूट घालून पुढच्या खोलीत आली. साहेब खुर्चीत होते. त्यांनी नवा माऊस बाजूला ढकलला आणि डावा हात लांब करून भिंतीशी पडलेल्या मला ओढून घेतलं.

मला कुठेही जोडलेलं नव्हतं, मित्रांनो. माझी तार टेबलावरून खाली लोंबत होती. पोटात दिवा नव्हता. पण त्या हातानं मला टेबलावर नेमकं सरकवलं, खाली, आपल्याकडे, मग उजवीकडे, जिथे तीन वर्षं घराचा उंबरा होता. टक टक.

मला कळलं. जपून जा. पोचल्यावर फोन कर.

टक टक.

लेकीनं बघितलं. उजवीकडे खाली. तिला नकाशा पाठ होता. तिथे दार होतं. तिथलं वाक्य तिनं स्वतःच परत बसवलं होतं, पण अपराधी मनाला फक्त दार दिसलं. तिचा चेहरा उतरत गेला.

"हो बाबा," ती म्हणाली. "जातेच आहे. मला दार दाखवायची एवढी घाई?"

टक टक. टक टक. टक टक. साहेबांच्या घशातून आवाज निघत होता. माझा गुळगुळीत डावा कान त्या बोटाखाली मोडेल असं मला वाटलं, आणि वाटलं, मोडू दे. पण माझ्यात आवाज नव्हता. कधीच नव्हता.

"कळलं," ती म्हणाली. "चुकलं माझं. नका ना आता असं करू." तिनं अलगद त्यांची बोटं सोडवली, मला काढून घेतलं, माझी शेपूट नीट गुंडाळली, आणि या खणात, त्यांच्या फूटपट्टीशेजारी ठेवलं. खण पूर्ण मिटला नाही. दार मात्र मिटल्याचं ऐकू आलं. जिना उतरणारी पावलं मी शेवटपर्यंत मोजली.

हे तिनं आईला सांगितलं नसणार. बापानं मला घराबाहेर काढलं, हे कोण कुणाला सांगतं? सांगितलं असतं तर काकूंना क्षणात कळलं असतं. उंबऱ्यावरची जागा त्यांच्या सतरांपैकीच एक होती. त्या दिवशी फोन वाजला नाही. संध्याकाळी एक बीप झाला. काकूंनी मोठ्यानं वाचून दाखवलं, "पोचले. एवढंच लिहिलंय. दमली असेल." साहेबांची खुर्ची करकरली.

आता रोज असंच चालतं. काकू यंत्र थांबवून विचारतात, "पाणी हवंय? पाठ दुखतेय? पंखा लावू? बाहेर बसायचंय?" एक्केचाळीस गोष्टी त्यांना आठवत नाहीत, आठवतात तेवढ्या विचारतात. मधेच त्यांचा आवाज थांबतो आणि त्या म्हणतात, "हो म्हणताय ना? बरं, आणते." तो होकार हवं म्हणून नसतो. विचारणं थांबावं म्हणून असतो. पाणी येतं, आणि बऱ्याच वेळानं पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज येतो, भरलेला. भरलेल्या पेल्याचा आवाज जड असतो.

मित्रांनो, मोठे झालात की तुम्हीही कुणाचं तरी काहीतरी नीट करायला जाल. आजोबांचा फोन, आईचं कपाट, वडिलांचं टेबल. तुमचं सुंदरही असेल, चपळही असेल. मी वेगवेगळ्या सिस्टीमच्या हाताखाली काम केलं आहे आणि तुम्हाला शपथेवर सांगतो, त्यांतली एकही वाईट नव्हती. पण तुमच्या हाताखाली काहीतरी गाडलेलं असतं आणि ते वरून दिसत नाही. मुकादम टोपी काढून टेबलाशी यायचा आणि एवढंच विचारायचा, साहेब, खोदतोय, खाली काय आहे? तेवढं विचारा. ज्याला विचारायचं त्याला बोलता येत नसेल, तर त्याच्या हाताशेजारी दिवसभर बसा आणि हात कुठे जातो ते बघा.

आणि तुमच्यापैकी कुणाला कधी त्या गावातली ती लेक भेटली, स्क्रीनवर बटणं कुठे ठेवावीत ते ठरवणारी, तर तिला एवढं सांगा. ते दार नव्हतं. ते उंबऱ्यावरचं वाक्य होतं. तिनं फोन करावा.